ओव्हरीचा कॅन्सर पहिल्या स्टेजचा असताना लिम्फ नोड काढायलाच हवेत का?

तुमच्या आईची एका ओव्हरीची गाठ काढली, ती कॅन्सरची निघाली, सीटी स्कॅनमध्ये बाकी कुठे काही नाही. आता एक सर्जन म्हणतात पुन्हा ऑपरेशन करून लिम्फ नोड (लसिका, म्हणजे पेशींभोवतीचा द्रव, गाळणाऱ्या छोट्या ग्रंथी) काढू, दुसरे म्हणतात गरज नाही; कोणाचं ऐकू, असं तुम्ही विचारलंय. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, काढलेले नोड तपासायला माझ्याच टेबलावर येतात. दोघांपैकी कोणी चुकतंय असं लगेच धरू नका. आधी आईच्या रिपोर्टमध्ये कॅन्सरचा प्रकार आणि ग्रेड (पेशी किती आक्रमक दिसतात ते) काय लिहिलंय ते बघा.

सुरुवातीच्या स्टेजला नोड काढतात ते मुख्यतः खरी स्टेज कळावी म्हणून. ओव्हरीतून लसिका ओटीपोटातल्या नोडकडे जाते, तशीच ओव्हरीच्या रक्तवाहिन्यांसोबत वर महाधमनीच्या कडेलाही जाते. म्हणून सर्जनला पार किडनीच्या शिरेपर्यंत जावं लागतं. माझ्याकडे येतात ते फॉर्मॅलिनमधले पिवळ्या चरबीचे तुकडे. ते बोटांनी चाचपत एकेक नोड शोधायचा, कापायचा, स्लाइड करायची. हाताला आणि डोळ्यांना अगदी साधा वाटलेला नोड असतो, आणि मायक्रोस्कोपखाली त्याच्या आवरणाला लागूनच कॅन्सरच्या पेशींचा बारीक पुंजका दिसतो. एवढंसं सीटीत दिसत नाही. पण ते सापडलं की पहिली स्टेज एकदम तिसरी होते.

पोटात बाकी सगळं स्वच्छ दिसत असताना नोडमध्ये कॅन्सर निघण्याचं प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत सरासरी १४ टक्क्यांच्या आसपास आहे. पण ही सरासरी फसवी आहे. हाय-ग्रेड सीरस प्रकारात प्रमाण बरंच जास्त असतं, म्युसिनसमध्ये (चिकट द्रव तयार करणाऱ्या पेशींच्या प्रकारात) अगदी कमी. त्यामुळे म्युसिनस असेल आणि तो आजूबाजूला घुसत जाणारा नसेल, तर फक्त नोडसाठी पुन्हा पोट उघडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे अपेंडिक्स आणि आतडी नीट पाहणं जास्त महत्त्वाचं, कारण असा कॅन्सर बरेचदा तिकडून ओव्हरीत आलेला असतो.

हाय-ग्रेड सीरस असेल तर किमो तशीही द्यावीच लागते. नोडच्या निकालाने फरक पडतो तो किमोनंतरच्या औषधात. बीआरसीए या स्तनाच्या आणि ओव्हरीच्या कॅन्सरशी संबंधित जीनमध्ये दोष असेल आणि स्टेज तिसरी निघाली, तर ओलापॅरिबसारख्या गोळ्यांचा विचार होतो. नोडचा सगळ्यात जास्त उपयोग होतो जिथे किमो द्यायची की टाळायची हेच स्टेजवर ठरणार असतं तिथे. पण लो-ग्रेड एंडोमेट्रिऑइडसारख्या प्रकारात मुळात नोडमध्ये कॅन्सर निघण्याची शक्यताच कमी असते, हेही सर्जनशी बोला.

नोड काढल्याने आयुष्य वाढतं का? २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन चाचणीत सुरुवातीच्या स्टेजच्या २६८ बायका होत्या. सगळे नोड काढलेल्या गटात २२ टक्के जणींच्या नोडमध्ये कॅन्सर सापडला, थोडेच नमुने घेतलेल्या गटात ९ टक्के. जगण्यात मात्र ठाम फरक दिसला नाही. अर्थात तो सिद्ध करायला चाचणी लहानच होती. २०१९ ची ‘लायन’ चाचणी कोणी दाखवली, तर ती पुढच्या स्टेजच्या रुग्णांवरची आहे हे लक्षात घ्या. तिचा निष्कर्ष आईला जसाच्या तसा लावता येणार नाही.

ऑपरेशनचा त्रास खरा आहे. वेळ आणि रक्तस्राव वाढतो, पोटात लसिका साठून गाठ होऊ शकते, काहींच्या पायावर कायमची सूज येते. म्हणून सर्जनना सरळ विचारा, ‘नोडचा निकाल काहीही आला तरी आईचे उपचार तेच राहणार असतील, तर हे ऑपरेशन कशासाठी?’ आणि पहिल्या ऑपरेशनमध्ये ओमेंटम, म्हणजे पोटातला चरबीचा पडदा, आणि पोटातल्या पाण्याचा नमुना घेतला होता का तेही विचारा. ते राहिलं असेल तर दुसऱ्या ऑपरेशनचं कारण केवळ नोड नाही.

त्याआधी पहिल्या लॅबमधून पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेले गाठीचे तुकडे) आणि स्लाइड मागून घ्या, आणि टाटा मेमोरियलसारख्या मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलमध्ये पुन्हा तपासून घ्या. प्रकार बदलला तर सगळा सल्ला बदलतो. रिपोर्टमधली प्रकार, ग्रेड आणि कॅप्सूल (गाठीचं आवरण) फुटली होती का, एवढीच माहिती नाव झाकून इथे टाकलीत तर मी वाचून सांगेन.