एआय कोड लिहायला लागलं, मग डेव्हलपरचं काय होणार?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: धुळ्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहेस, वरच्या बॅचमधल्या बऱ्याच पोरांच्या हातात अजून ऑफर नाही, आणि शिरपूरला भुसार मालाची आडत असलेले काका म्हणतात, "आता कोड मशीनच लिहितं, ही लाइन सोड आणि बँकेच्या परीक्षा दे." काकांचं खरं आहे का?

माझ्या भाच्याच्या वयाचा आहेस म्हणून एकेरीत लिहितो, राग मानू नकोस.

मी जळगावला असतो. वीस-बावीस वर्षं झाली, जिनिंग, दाल मिल, केळीचे व्यापारी, वजनकाटे यांच्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. फॉक्सप्रोवर सुरुवात केली, मग व्हीबी सिक्स, मग डॉटनेट, आता जे लागेल ते. ऑफिसात आम्ही पाच जण आहोत. पूर्वी सात होतो. त्यावर येतोच.

आधी काकांच्या बाजूने बोलतो, कारण ते अगदीच चुकीचं बोलत नाहीयेत. २०२१ मध्ये गिटहब कोपायलट आलं तेव्हा ते ओळ पुरी करून द्यायचं, आम्हाला गंमत वाटायची. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं. आता क्लॉड कोड, कर्सर यांसारखी टूल्स आहेत. ती तुझ्या फोल्डरमधल्या फाइली स्वतः उघडून वाचतात, कोड बदलतात, चालवून बघतात, एरर आली की पुन्हा बदलतात. आमच्याकडे एका दाल मिलचं व्हीबी सिक्समधलं जुनं सॉफ्टवेअर होतं. नव्या भाषेत आणायचं काम मी सहा वर्षं "पुढच्या दिवाळीनंतर करू" म्हणत ढकललं होतं. गेल्या उन्हाळ्यात टूलला सोबत घेऊन ते तीन आठवड्यांत उरकलं. ज्या कामाचे मी पूर्वी दोन महिन्यांचे पैसे लावायचो, ते काम आता दोन महिन्यांचं राहिलेलं नाही, आणि गिऱ्हाइकालाही ते कळतं. फॉर्म बनवणं, रिपोर्ट काढणं, एका डेटाबेसमधला माल दुसऱ्यात नेणं, अशा नुसत्या टायपिंगच्या कामाचा भाव पडला आहे. तो परत चढेल असं मला वाटत नाही.

आता दुसरी बाजू. ती माझ्याच चुकीतून सांगतो.

अमळनेरकडचे एक जिनिंगवाले शेठ आहेत. सीझनच्या तोंडावर, दसऱ्याच्या आठवड्यात, त्यांना एक रिपोर्ट हवा होता: आज कापूस काय भावाने घेतला, उतारा किती पडला (सरकी काढल्यावर कापसातून किती रुई निघाली), रुई आणि सरकी विकून गाठीमागे काय सुटलं. रुईचा भाव बाजारात खंडीवर बोलतात, माल गाठीत जातो, आणि कापूस क्विंटलवर घेतात. मी टूलला सगळं समजावलं, खंडीच्या भावावरून किलोचा भाव काढ म्हणालो, आणि शहाणपणा म्हणून वर टेस्टही, म्हणजे उत्तर बरोबर येतं का ते तपासणारे छोटे प्रोग्रामही, लिहायला सांगितल्या. अर्ध्या तासात रिपोर्ट तयार, चौदाच्या चौदा टेस्ट हिरव्या, म्हणजे पास. मी स्क्रीनशॉट पाठवून चहाला गेलो.

चहा संपायच्या आत फोन. "हाई काय शे रे भो? कापूसना भावमा रुई इकू का मी?"

झालं असं होतं की टूलने खंडी म्हणजे वीस मण धरली होती, आणि मण ३७.३२ किलोचा. जुन्या कोष्टकात बघितलंस तर खंडीचे मण वीसच सापडतील. पण रुईच्या बाजारात खंडी ३५६ किलोची असते, आणि गाठ साधारण १७० किलोची. त्या दिवशीचा खंडीचा भाव पंचावन्न हजार धर. खरा भाव पडतो किलोला साधारण १५४ रुपये. आमच्या रिपोर्टात तो आला चौऱ्याहत्तरच्या आसपास, म्हणजे शेतकऱ्याकडून घेतलेल्या कच्च्या कापसाच्या अगदी शेजारी. शेठजींनी रिपोर्टातलं सूत्र बघितलंच नाही. त्यांना आकड्याचा वास आला.

आणि टेस्ट हिरव्या का? कारण टेस्टमध्येही तेच ७४६.४ किलो होते. ज्याने उत्तर लिहिलं त्यानेच पेपर तपासला.

दुरुस्ती एका ओळीची होती. खंडीचं वजन मी आता सूचनांच्या फाइलमध्ये लिहून ठेवलंय, त्यानंतर ते टूल एकदाही चुकलेलं नाही. उद्याचं मॉडेल न सांगताही बरोबर करेल, कदाचित आजचंच करत असेल. म्हणून "मशीनला आपल्याकडचं काही कळत नाही" या भरवशावर करिअर उभं करू नकोस, तो भरवसा दोन वर्षंही टिकायचा नाही. खरी चूक मी केली होती. कुठली गोष्ट विचारून घ्यायची हे माहीत असून विचारली नाही, आणि तपासायला गिऱ्हाइकाच्या वहीतला आकडा घेतला नाही. आता आमचा नियम आहे: मुनीमजींच्या वहीतली गेल्या सीझनची दहा खरी बिलं घ्यायची, आणि ती पैशापर्यंत जुळल्याशिवाय काहीही पाठवायचं नाही. टेस्ट टूलने लिहू दे, त्यातले आकडे वहीतूनच येतील.

अशी वही सगळीकडे असते, कधी कागदावर, कधी माणसांच्या डोक्यात. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, आम्ही रात्री जागून बिलं बदलली. मग १५ नोव्हेंबर २०१७ पासून शेतकऱ्याकडून घेतलेल्या कच्च्या कापसावर रिव्हर्स चार्ज लागला, म्हणजे कर भरायचा घेणाऱ्याने. ऐन सीझन, गेटवर गाड्यांची रांग. कोड चार ओळींचा. पण आदल्या दिवशी काटा झालेल्या आणि दुसऱ्या दिवशी बिल झालेल्या मालाचं काय करायचं, हे सीएला, मालकाला आणि मुनीमजींना एका टेबलावर बसवून ठरवावं लागलं. त्या बैठकीत चार तास गेले, कोडला वीस मिनिटं. आज टूल असतं तर वीसची दोन झाली असती. चार तास तेवढेच राहिले असते.

(एकदा काट्याचं वजन कॉम्प्युटरवर येईना. टूलने काट्याच्या सिग्नलचा कोड तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी सुधारून दिला, तिन्ही उत्तम. केबल उंदराने कुरतडली होती.)

हे ऐकून निर्धास्त होऊ नकोस, कारण तुझी खरी अडचण वेगळी आहे आणि ती मला लपवायची नाही. जी कामं मशीनने घेतली, नेमकी तीच आम्ही नव्या पोरांना द्यायचो. आमच्याकडे दरवर्षी जुलैत इथल्या कॉलेजमधून दोन जण यायचे. पहिलं वर्षभर फॉर्म, रिपोर्ट, डेटा भरणं. ते काम आम्हाला फार उपयोगाचं होतं असं नाही, पण ते करता करता पोरगं गिऱ्हाइकाकडे जायचं, शिव्या खायचं आणि खंडी शिकायचं. गेल्या वर्षी मी एकालाच घेतलं, यंदा कोणालाच नाही. पाच आणि सातचा हिशोब हाच. मी काही फार विचार करून हे केलं नाही, गरज वाटली नाही इतकंच. माझ्यासारखे लहान-मोठे सगळेच असं करत असतील, तर दहा वर्षांनी अनुभवी माणूस आणायचा कुठून, याचं उत्तर माझ्याकडे नाही. शिडीची खालची पायरी आम्हीच काढून घेतोय.

मोठ्या कंपन्यांचं गणित आणखी निराळं. पुण्या-बंगळूरच्या सर्व्हिस कंपन्या वर्षानुवर्षं माणसं मोजून बिल लावत आल्या. तेच काम कमी माणसांत होतं हे परदेशातल्या गिऱ्हाइकाला दिसलं, की तो भाव पाडणार. टीसीएसने जुलै २०२५ मध्ये सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसं कमी करायचं जाहीर केलं. कारण एआय नाही, असं कंपनी म्हणाली. पण तुझ्या लक्षात राहावी अशी गोष्ट वेगळी आहे: त्यात भर होता मधल्या आणि वरच्या फळीवर. म्हणजे नुसता अनुभव मोजूनही कोणी सुरक्षित नाही.

टूलमुळे काम किती वेगाने होतं, याबद्दलही सगळेच अंदाजपंचे बोलतात, मीसुद्धा. मेटर नावाच्या संस्थेने २०२५ मध्ये सोळा अनुभवी डेव्हलपर घेतले, त्यांच्या रोजच्या ओळखीच्या प्रोजेक्टवरची २४६ कामं दिली, काही टूल घेऊन आणि काही टूलशिवाय. टूल घेऊन वेळ १९ टक्के जास्त लागला. आणि त्या लोकांना काम संपल्यावरही वाटत होतं की आपण २० टक्के वेगाने उरकलं. हे २०२५ च्या सुरुवातीच्या टूल्सचं, आणि ज्यांना आपला कोड तोंडपाठ आहे अशा लोकांचं. माझ्या दाल मिलच्या कामात फायदाच झाला. पण "मला वाटतं वेगाने होतंय" यावर मी आता विश्वास ठेवत नाही. घड्याळ लावतो.

मग तू काय करायचं? कोड वाचायला शिक, लिहिण्याइतकंच. मशीन पाचशे ओळी देईल, त्यातली कुठली ओळ महागात पडेल हे तुला दिसलं पाहिजे. आमच्या ओळखीच्या एका पोराने समाजाच्या वधू-वर मंडळासाठी दोन रात्रींत ॲप बनवलं, दिसायला झकास. लिंकमधला स्थळाचा नंबर बदलला की कोणाच्याही मुलीचा मोबाइल नंबर समोर. त्याने कोड वाचलाच नव्हता, चालतंय एवढं पाहिलं होतं. डेटाबेस, नेटवर्क, लॉगिन कसं चालतं, ही कॉलेजातली कंटाळवाणी वाटणारी प्रकरणं नीट कर, तपासताना तीच कामी येतात. आणि बँकेची परीक्षा द्यावीशी वाटली तर दे, त्यात कमीपणा काही नाही. फक्त काका घाबरवतात म्हणून देऊ नकोस.

आणि काकांचीच आडत आहे ना? सुट्टीत शिरपूरला गेलास की दोन दिवस गादीवर बस. शेतकऱ्याला देतात ती हिशोबपट्टी बघ: वजन, कटती, हमाली, तोलाई, उचल, मागची बाकी. हे सगळं मशीनला सांगून पट्टीचं सॉफ्टवेअर बनव, एका संध्याकाळी होईल. मग काकांच्या वहीतल्या गेल्या सीझनच्या पन्नास पट्ट्या काढ आणि एकेक जुळवून बघ. जुळणार नाही ती पट्टी घेऊन काकांना विचार, "इथे असं का?" ते सांगतील: हा जुना शेतकरी, त्याची हमाली धरत नाही, त्या दिवशी पाऊस होता, माल ओला होता, कटती जास्त लावली. ते सगळं लिहून घे.

पहिल्याच फेरीत पन्नासच्या पन्नास जुळल्या तर मला कळव. मला तुझ्या काकांना भेटायला आवडेल.