ऊसासाठी मातीचा ओलावा सेन्सर आणि वेदर स्टेशन घ्यावं का? पैसे वसूल होतात का?

नमस्कार दादा. कोल्हापूरच्या करवीर तालुक्यात ३ एकर ऊस, निम्म्यावर ठिबक, निम्म्याला सरीनं पाणी, आणि बारामतीच्या एआय ऊसशेतीचं ऐकून ओलाव्याचा सेन्सर आणि वेदर स्टेशन दोन्ही घ्यायचं मनात आहे, तर पैसे वसूल होतील का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत सरळ सांगतो, सेन्सर घ्या, स्टेशन एकट्यानं घेऊ नका. आणि सेन्सर घेताना डोक्यात एकच ठेवा की पाणी कधी द्यायचं नाही हे बघायला तो घेतोय.

कारण आपल्याकडं नद्यांना पाणी आहे, राधानगरी, तुळशी, काळम्मावाडी धरणांचं पाणी येतंय, ऊस पाण्यावाचून वाळला असं फार कमी ठिकाणी होतं, पण रान चिबडलं, मुळी कुजली, फुटवा कमी झाला, खोडवा (तोडीनंतर बुडख्यातनं परत येणारा ऊस) फसला हे बऱ्याच गावांत आहे. शिरोळकडं जाऊन बघा, भारी काळ्या रानाला वर्षानुवर्षं दाबून पाणी, निचरा नाही, त्यानं हजारो एकर क्षारपड झालं आणि आता तिथले शेतकरी स्वतः खर्च करून जमिनीखाली सच्छिद्र पाईप टाकून पाणी बाहेर काढतायत. मला हे बघून खरंच वाईट वाटतं, कारण हे टाळता येण्यासारखं होतं.

आता सगळ्यात आधी बघायचं ते पाणी कुणाच्या हातात आहे. स्वतःची विहीर किंवा मोटर असेल तर सेन्सरचा पूर्ण फायदा. पाणीपुरवठा संस्थेची पाळी असेल तर पाटकरी येईल तेव्हाच पाणी, मग सेन्सर एवढंच सांगणार की ही पाळी घ्यायची का सोडायची. पण तेवढं सुद्धा लई मोठं आहे हो. आपण पाळी सोडत नाही ती भीतीपोटी, पुढची पाळी लांबली तर काय, लाईट गेली तर काय, म्हणून वाफसा, म्हणजे जादा पाणी निथळून माती भुसभुशीत ओली राहणं, आलेला नसताना पण पाणी घेतो. नोव्हेंबर-डिसेंबरात भारी रानात ६० सेंटीमीटरवर ओल तशीच दिसत असेल तर पाळी सोडायला धीर येतो.

ठिबकाचा हिशोब एकदा कागदावर करा. एका एकरावर १ मिलीमीटर पाणी म्हणजे साधारण ४ हजार लिटर. पूर्ण वाढलेला ऊस हवामान खात्याच्या किंवा स्टेशनच्या ईटीच्या, म्हणजे माती आणि पानांतनं मिळून हवेत उडणाऱ्या पाण्याच्या आकड्याच्या, सव्वापट पाणी घेतो, लहान ऊस निम्म्यापेक्षाही कमी. समजा ईटी ४ मिमी आहे आणि ऊस मोठा आहे तर दिवसाला ५ मिमी, म्हणजे एकरी २० हजार लिटर. आता तुमची लॅटरल (ठिबकाची बारीक नळी) ५ फुटावर, ड्रिपर ४० सेंमीवर आणि ताशी ४ लिटरचा असेल तर एकरात पावणेसात हजाराच्या आसपास ड्रिपर बसतात आणि तासाला २७ हजार लिटर पाणी पडतं. म्हणजे पाऊण तासाचं काम! आणि आपल्याकडं लाईट आहे तोवर तीन-चार तास मोटर चालू ठेवणारे कितीतरी जण आहेत, ते पाणी मुळाखाली जातंय आणि जाताना युरिया पण घेऊन जातंय.

हेच सेन्सरवर दिसतं. एक सेन्सर ३० सेंमीवर आणि एक ६० वर, दोन वेगवेगळ्या खोलीवर पाहिजेतच, एकच घेणार असाल तर न घेतलेला बरा. पाणी दिल्यावर वरचा आकडा वाढणार ते ठीक, पण ६० चा आकडा पण लगेच उडी मारायला लागला तर समजायचं जास्त झालं. आणि रोजचा ग्राफ नीट बघा, दिवसा ऊस पाणी ओढतो म्हणून रेघ खाली येते, रात्री सपाट होते, अशा पायऱ्या पडत जातात. पायऱ्या चांगल्या मोठ्या आहेत तोवर पिकाला पाणी मिळतंय. पायऱ्या बारीक व्हायला लागल्या, आणि ढगाळ पण नाही, तर ऊस ताणात जातोय, आता पाणी द्यायचं. मला तर आकड्यापेक्षा या पायऱ्याच जास्त भरवशाच्या वाटतात. वरचा ओलावा रोज उतरतोय आणि ६० चा महिनोन् महिने एकाच जागी, तर खाली पाणी साठलंय आणि मुळ्या तिथं जात नाहीत, तिथं पाणी कमी करायचंच आणि चर काढायचा विचार पण करायचा.

कंपनीचं ॲप जे हिरवं-लाल दाखवतं त्यावर पहिल्या दिवसापासून विसंबू नका. रानाला भरपूर पाणी किंवा मोठा पाऊस झाल्यावर भारी जमिनीत दोन-तीन दिवस थांबायचं, जादा पाणी निथळलं की जो आकडा स्थिर होतो तो तुमच्या रानाची वरची मर्यादा. त्याच दिवशी कुदळीनं खणून माती मुठीत दाबून बघायची, म्हणजे आकडा आणि हात दोन्ही जुळतात.

काळ्या रानाची अजून एक अडचण, वाळलं की भेगा पडतात. भेग नेमकी सेन्सरजवळनं गेली तर आजूबाजूला हवा शिरते आणि सेन्सर एकदम कोरडं दाखवतो, जेव्हा की हातभर अंतरावर ओल असते. म्हणून बसवतानाच त्याच मातीचा चिखल करून भोकात ओतायचा आणि सेन्सर घट्ट बसवायचा. रान खारवट असेल तर विजेवर चालणारे बरेच सेन्सर आहे त्यापेक्षा जास्त ओल दाखवतात, तिथं साधा टेन्शिओमीटर, म्हणजे मातीतनं पाणी ओढायला किती जोर लागतो ते दाखवणारी पाणी भरलेली नळी, परवडतो. त्याला बॅटरी पण लागत नाही, फक्त पाणी भरत राहायचं, आणि साधारण ८० सेंटीबारच्या पुढं कोरडं झालं की तो काम करत नाही एवढं लक्षात ठेवायचं. खरं सांगू का, ३ एकराला टेन्शिओमीटरची एक जोडी घेऊन सुरुवात केली तरी चालतंय.

आता वेदर स्टेशन. पाऊस आपल्या जिल्ह्यात किती बदलतो तुम्हाला माहितीच आहे, गगनबावड्याला ५ हजार मिमीच्या वर आणि शिरोळला त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. पण तापमान, आर्द्रता, ऊन हे दोन-चार किलोमीटरात एवढं बदलत नाही, म्हणून एक स्टेशन आख्ख्या संस्थेला किंवा गटाला पुरतं, वर्गणी काढून घ्या. वळीव मात्र एका शिवारात पडतो आणि दुसऱ्यात नाही, त्यासाठी प्रत्येकानं आपापल्या रानात साधं पर्जन्यमापक ठेवलं तरी भागतं. मंडल पातळीवर महावेध या सरकारी प्रकल्पाची स्टेशनं आहेत, अंदाजासाठी मेघदूत ॲप फुकट आहे, आधी ते वापरून बघा. आणि एक, अतिवृष्टीच्या मदतीसाठी २४ तासात ६५ मिमीचा जो निकष आहे तो मंडलातल्या सरकारी नोंदीवर बघतात, तुमच्या स्टेशनचा आकडा तिथं चालत नाही.

स्टेशन उभारलंच तर ऊसात उभारू नका, आडसाली ऊस डोक्यावर गेला की वारा आणि पाऊस दोन्ही चुकीचं दाखवतं. स्लॅबवर पण नको, स्लॅब तापतो. मोकळ्या जागेत, झाडापासून लांब, आणि पावसाचं भांडं महिन्यातनं एकदा साफ करायचं, कोळ्याची जाळी आणि पाला अडकून पाऊस शून्य दाखवतो. नदीकाठचं रान असेल तर २०१९ आणि २०२१ चे महापूर आठवा, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा इशारा पातळीला, म्हणजे ३९ फुटाला आली की धोका पातळीच्या ४३ ची वाट न बघता बॉक्स आणि बॅटरी काढून घरी आणा.

सेन्सर ठिबकात ड्रिपरपासून वीतभर अंतरावर, सरीत असेल तर वरंब्याच्या बाजूला ऊसाच्या ओळीत बसवा, बांधाच्या कडेला किंवा पाणी साठतं तिथं नको. वायर पाईपमधनं न्या नाहीतर उंदीर कुरतडतात. आणि आत्ता घाई करू नका, मोठी बांधणी (ऊसाला मातीची भर लावणं) होऊन ट्रॅक्टर, पॉवर टिलर रानातनं बाहेर पडला की मग बसवा, तिथं उंच काठी रोवून फडकं बांधा, तोडीच्या आधी काढून घ्या, तोडणीवाल्यांना पाल्यात सेन्सर दिसत नाही. तोडीच्या आधी पाणी तोडायला पण त्याचा उपयोग होतो, रान वाळलेलं असलं की ट्रॉली रुतत नाही आणि खोडव्याच्या मुळाजवळची माती दाबली जात नाही. तुमचं रान काळं आहे का मळीचं (नदीकाठच्या गाळाचं) का माळाचं, आणि पाणी विहिरीचं का संस्थेचं, एवढं खाली लिहा, म्हणजे किती दिवसांच्या अंतरानं पाणी बसतंय ते त्या हिशोबानं सांगतो.