नमुना नसतानाही शिखरे का दिसतात?

प्रश्न : आमच्या जीसी-एमएस यंत्रात (मिश्रणातील घटक वेगळे करून वस्तुमानावरून ओळखणाऱ्या) काहीही न टोचता क्रोमॅटोग्राममध्ये (वेळेनुसार संकेत दाखवणाऱ्या आलेखात) शिखरे उमटतात आणि २८ वस्तुमानाचा संकेतही वाढला आहे. दोष कोठे शोधावा?

उत्तर : गळती आधी शोधावी, कारण तापलेल्या कॉलममध्ये (घटक वेगळे करणाऱ्या लांब, बारीक नळीत) शिरलेला ऑक्सिजन त्याचे अस्तर कायमचे खराब करतो. २८ (नायट्रोजन) आणि ३२ (ऑक्सिजन) यांचे प्रमाण सुमारे ४:१ असेल, तर हवाच आत येत आहे. अशा वेळी जोडांवर आर्गॉनचा बारीक झोत सोडून ४० वर (आर्गॉनच्या वस्तुमानावर) लक्ष ठेवावे, आणि तो संकेत जेथे उसळेल तेथील नट बेताने आवळावा. ट्रान्सफर लाइनचा (कॉलमला वस्तुमान-शोधकाशी जोडणाऱ्या तापत्या भागाचा) फेरूल, म्हणजे जोड घट्ट बसवणारे कडे, तापमानाच्या चढउतारांनी सैल पडतो, म्हणून सुरुवात तेथूनच करणे मला योग्य वाटते. शिखरांत ७३, २०७, २८१ हे आयन आढळल्यास ती सिलोक्सेनची (सिलिकॉनयुक्त संयुगांची) असून बहुधा सेप्टममधून (नमुना टोचण्याच्या जागेवरील रबरी पडद्यातून) येतात; कॉलमच्या झिजेने मात्र सुटी शिखरे न येता तापमानाबरोबर आधाररेषाच चढत जाते. सेप्टम आणि लायनर (टोचण्याच्या जागेतील काचेची नळी) बदलून पुन्हा रिकामी, म्हणजे नमुन्याविना, धाव घ्यावी.