आंबोलीतले हिरवे फुलपाखरू कैसर-ए-हिंद असेल का?

प्रश्न : आंबोलीच्या जंगलात काळपट पंखांवर निळसर हिरवा पट्टा असलेले मोठे फुलपाखरू दिसले. हिमालयातले कैसर-ए-हिंद सह्याद्रीत येते का?
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : नाही. कैसर-ए-हिंद नेपाळपासून दार्जिलिंग, सिक्कीम, भूतान आणि ईशान्य भारतातून पुढे म्यानमार, चीन व व्हिएतनामपर्यंतच्या डोंगरांत, साधारण १,८०० ते ३,००० मीटर उंचीवर राहते. आपले कळसूबाईही १,६४६ मीटरच आहे. पण उंची हे अर्धेच कारण झाले. त्याचे सुरवंट ज्यावर वाढतात तो कॅम्पबेल मॅग्नोलियाचा वृक्ष हिमालयाच्या दमट जंगलांतला असून तो सह्याद्रीत उगवत नाही, आणि जिथे सुरवंटाला पाला नाही तिथे फुलपाखराचे बस्तान बसत नाही.

नराच्या मागच्या पंखावर ठळक पिवळा डाग आणि एक लांब शेपटी असते. मादी आकाराने मोठी, तिच्या त्याच पंखावर राखाडी पट्टा आणि एकापेक्षा अधिक शेपट्या असतात. सकाळी ऊन पडले की नर डोंगरमाथ्यावरच्या झाडांच्या शेंड्यांवर ठाण मांडतात, दुसरा नर आला की त्याला हुसकावतात आणि मादीची वाट पाहतात. त्यामुळे माथ्यावर न चढणाऱ्या पर्यटकाला ते सहसा दिसत नाही.

त्याचा हिरवा रंग हा खरा नवलाचा भाग आहे. पंखावरच्या सूक्ष्म खवल्यांत कायटिन (कीटकांचे कवच ज्याचे बनते तो पदार्थ) आणि हवेची, नियमित वळणे घेणारी त्रिमितीय जाळी असते. तिच्यातून हिरवा प्रकाश प्रामुख्याने परावर्तित होतो. रंगद्रव्याप्रमाणे हा रंग विटत नाही, म्हणून संग्रहालयातले जुने नमुनेही झळाळत राहतात. हीच झळाळी या फुलपाखराच्या मुळावर आली, कारण संग्राहकांची त्याला मागणी असते. आता त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराचे नियंत्रण आहे, भारतातही कायद्याने संरक्षण आहे, आणि २०२१ मध्ये अरुणाचल प्रदेशाने त्याला राज्य फुलपाखराचा मान दिला.

आपण पाहिलेले फुलपाखरू, वर्णनावरून, बहुधा मलबार बँडेड पीकॉक असावे. तेही कैसर-ए-हिंदसारखे स्वॉलोटेल, म्हणजे शेपटीवाल्या फुलपाखरांच्या, कुळातलेच, पण अस्सल पश्चिम घाटाचे आहे. त्याचे सुरवंट तिरफळाच्या पानांवर वाढतात. माशाच्या आमटीत आपण घालतो, तेच तिरफळ.