सकाळचा मेल म्हणतो 'सक्सेसफुल', फाइल मात्र २० बाइटची

बॅकअपवर पूर्वीही लिहिलं होतं, तरी तेच प्रश्न फिरून येताहेत: स्क्रिप्ट (एकामागून एक चालणाऱ्या कमांडची फाइल) लावली, रोज चालली, आणि गरज पडली तेव्हा हाती काही लागलं नाही. म्हणून आज दुसरा विषय नाही.

स्क्रिप्ट हाताने चालवली की नीट चालते, क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणारी लिनक्सची सोय) मात्र 'कमांड नॉट फाउंड'. असं का? (विद्यार्थी, नाशिक)

क्रॉनला तुमचा पाथ, म्हणजे कमांड कुठे शोधायच्या त्या फोल्डरांची यादी, माहीत नसतो. प्रत्येक कमांडचा पूर्ण पत्ता लिहा. क्रॉनच्या ओळीतच तारखेसाठी टक्क्याचं चिन्ह वापरलं असेल, तर त्याआधी बॅकस्लॅश द्या.

आमच्या सर्व्हरला रेड (अनेक डिस्क एकत्र वापरण्याची सोय) आहे, त्यामुळे वेगळ्या बॅकअपची गरज नाही, असं विक्रेता म्हणाला. खरं का? (पतसंस्थेचे सचिव, कराड)

नाही. मिररिंगचा, म्हणजे दोन डिस्कवर तेच लिहिणारा, रेड एक डिस्क गेली तर काम चालू ठेवतो. तुमच्या माणसाने चुकून खातेवही पुसली, तर तो ती दोन्ही डिस्कवरून तितक्याच इमानदारीने पुसतो. विक्रेत्याला हे माहीत नसावं, किंवा असावं. संस्था ठेवीदारांची आहे. ज्याला तुम्हाला काही विकायचं नाही अशा जाणकाराकडून व्यवस्था तपासून घ्या.

दवाखान्याच्या डेटाबेसचा रोज रात्री मायएसक्यूएल डंप (सगळ्या डेटाची एका फाइलमधली प्रत) काढून जीझिप या फाइल लहान करणाऱ्या प्रोग्रॅमने दाबतो. सकाळी 'बॅकअप सक्सेसफुल' असा मेल येतो. सहा महिने एकही चूक नाही. निर्धास्त राहू ना? (डॉक्टर, लातूर)

डॉक्टरसाहेब, तो मेल पाठवतं कोण? तुमचीच स्क्रिप्ट, शेवटच्या ओळीत. वरची ओळ कोसळली तरी बॅश (स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) खालच्या ओळीवर जातो आणि मेल निघतो. त्यात डंप पाइपने, म्हणजे एका कमांडमधून थेट दुसरीत, जीझिपकडे जातो, आणि पाइपचा निकाल शेवटच्या कमांडचा धरला जातो. डंप निघालाच नाही, तरी जीझिपने 'काहीच नाही' हे व्यवस्थित दाबून ठेवलेलं असतं.

हे मी डोळ्यांनी पाहिलंय. एका कार्यालयात बॅकअपची फोल्डर उघडली. तारखा बिनचूक, एकही दिवस चुकलेला नाही. आकाराच्या रकान्यात मात्र वरपासून खालपर्यंत २०, २०, २०. रिकामा मजकूर जीझिपमधून काढला की २० बाइट उरतात. कुणीतरी डेटाबेसचा पासवर्ड बदलला होता, स्क्रिप्टला सांगायचं राहिलं. आणि जुन्या प्रती पुसणारी ओळ तेवढी चोख चालत होती!

मोठ्यांचंही असंच होतं. ३१ जानेवारी २०१७ला गिटलॅब या प्रोग्रॅमचा कोड साठवून देणाऱ्या कंपनीत एका अभियंत्याच्या हातून मुख्य डेटाबेसची फोल्डर पुसली गेली. डंप काढणारा प्रोग्रॅम ९.२ आवृत्तीचा, डेटाबेस ९.६चा, त्यामुळे डंप निघतच नव्हते. ते कळवणारे मेल पलीकडचा मेलसर्व्हर नाकारत होता. सुमारे सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी हाताने काढलेली एक प्रत निघाली म्हणून निभावलं. मधल्या तासांचा डेटा गेलाच.

तेव्हा स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'सेट मायनस ई' (चूक झाली की थांब) आणि 'पाइपफेल' (पाइपमधली कुठलीही कमांड चुकली तरी चूक धर) घाला. डंप आधी तात्पुरत्या नावाने काढा. फाइलच्या शेवटी 'डंप कम्प्लीटेड' ही ओळ आहे का आणि आकार कालच्या आसपास आहे का ते पाहा, मगच खरं नाव द्या. जुनी प्रत त्यानंतर पुसा, आधी नाही. टेबलं इनोडीबी (मायएसक्यूएलचा साठवणीचा एक प्रकार) असतील तर डंपला 'सिंगल ट्रान्झॅक्शन' (सगळा डेटा एकाच क्षणाचा घे) हा पर्याय हवाच. मेलचं गणितही उलटं करा: आठ वाजेपर्यंत नवी प्रत आली नाही, तर दुसऱ्या मशीनने बोंब मारावी.

आणि महिन्यातून एकदा ती प्रत वेगळ्या मशीनवर रिस्टोअर करून कालचा शेवटचा पेशंट दिसतो का बघा. सहा महिन्यांत हे एकदाही झालेलं नसेल, तर तुमच्याकडे बॅकअप आहे असं मी म्हणणार नाही. पहिल्यांदा करताना जाणकार माणूस शेजारी बसवा. चालू सर्व्हरवर तर अजिबात करू नका.

रोबोकॉपी (विंडोजचा फाइल कॉपी करणारा प्रोग्रॅम) 'मिरर' पर्याय लावून चालवतो, तो १ हा एरर कोड देतो. टॅलीचा डेटा धोक्यात आहे का? (अकाउंटंट, इचलकरंजी)

१ म्हणजे फाइल्स कॉपी झाल्या. ८ किंवा वर गेला तर घाबरा. पण तुम्ही 'मिरर' पर्याय लावलाय, त्याची मला जास्त काळजी वाटते: मूळ फोल्डर रिकामी झाली की प्रतही रिकामी होते. रोजची प्रत तारखेच्या वेगळ्या फोल्डरमध्ये घ्या, टॅली सगळ्या मशीनवर बंद असताना. बाहेरची डिस्क काम झालं की काढून ठेवा. रॅन्समवेअर (फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) जोडलेली डिस्कही सोडत नाही. बाकीचं तुमच्या टॅलीवाल्याला विचारा.

ऑनलाइन १६ टीबीचा पेनड्राइव्ह नऊशे रुपयांत मिळतोय. बॅकअपला घेऊ? (वाचक, ठाणे)

घेऊ नका. आकडा खोटा असतो. खरी जागा भरली की पुढचा डेटा हरवतो आणि कॉपी 'पूर्ण' दिसते. घेऊन बसला असाल, तर एफथ्री नावाच्या मोफत प्रोग्रॅमने तपासा आणि पैसे परत मागा.

हार्डडिस्क पंधरा दिवस टकटक आवाज करतेय. दिवाळीनंतर ऑटोमॅटिक बॅकअप लावावा म्हणतो. कोणती स्क्रिप्ट चांगली? (छायाचित्रकार, रत्नागिरी)

कोणतीही नाही. हे वाचून झालं की मशीन बंद करा आणि पुन्हा चालू करून 'जरा बघू' नका. चेकडिस्कही (विंडोजची डिस्क तपासणी) चालवू नका, त्याने उरलीसुरली डिस्क घासली जाते. फोटो लग्नांचे असतील, तर दुसऱ्यांदा काढता येणार नाहीत. डिस्क आहे तशी डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या, आणि न उघडताच तो 'शंभर टक्के काढून देतो' म्हणाला, तर दुसरा गाठा.