दुसऱ्यांदा आलेल्या भुताला लोक का हसतात?

प्रश्न : पहिला भाग पाहून झोप उडाली होती. दुसऱ्या भागात तेच भूत, तेच घर, आणि थिएटर खदाखदा हसत होतं. दिग्दर्शकाचं गणित चुकलं असं समजायचं का?

बहुतेक वेळा नाही. दार करकरतं तेव्हा घाबरवतं ते दारामागचं न दिसलेलं काहीतरी. पहिल्या भागाच्या शेवटी ते दिसून गेलेलं असतं. ते कशाला भितं, कधी येतं, सगळं प्रेक्षकाला ठाऊक. तोच बागुलबुवा पुन्हा तसाच उभा केला तर लोक जांभया देतात. मग हुशार दिग्दर्शक ओळखीचाच फायदा घेतो.

याचा नमुना म्हणजे सॅम रायमी यांचा ‘ईव्हिल डेड २’ (१९८७). १९८१च्या पहिल्या भागातलंच जंगल, तसंच लाकडी घर. इथे नायकाचा स्वतःचा उजवा हात झपाटला जातो. हात मालकाच्याच डोक्यात बशा फोडतो, चिरक्या आवाजात खिदळतो, मालक बेशुद्ध पडला की बोटांनी फरशी धरत त्याला फरफटत नेतो. शेवटी नायक तो करवतीने कापतो आणि बादलीखाली कोंडतो. बादली हलू नये म्हणून वर पुस्तकं ठेवतो. सगळ्यात वरचं पुस्तक हेमिंग्वेचं ‘अ फेअरवेल टू आर्म्स’. इंग्रजीत ‘आर्म्स’ म्हणजे शस्त्रं, आणि हातही! विनोद एवढाच, आणि त्यावर कॅमेरा रेंगाळतसुद्धा नाही.

हे चालतं ते नायक झालेल्या ब्रूस कॅम्पबेल यांच्यामुळे. आपण विनोदी चित्रपटात आहोत हे त्यांच्या पात्राला माहीतच नाही. त्याचं दुखणं खरं, त्याचं घाबरणं खरं. नटाने एकदा जरी प्रेक्षकाकडे बघून डोळा मारला असता तर भीतीही गेली असती आणि हसूही. फसलेल्या दुसऱ्या भागांत नेमकं हेच होतं : पात्रंच एकमेकांना कोपरखळ्या मारू लागतात आणि भुताला कुणी विचारत नाही.

शरीराचाही यात हात आहे (हा शब्द आता जपूनच वापरायला हवा). दचकल्यावर वाढलेले ठोके लगेच खाली येत नाहीत. ती उरलेली उत्तेजना पुढच्या भावनेला चिकटते आणि तिला फुगवते, असं डॉल्फ झिलमन या मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात मांडलं. म्हणून एरवी स्मितापुरता असलेला विनोद दचकण्यानंतर काही सेकंदांत आला, तर लोक हसून लोळतात.

प्रश्न : प्रसंग मुद्दाम विनोदी केलाय की भीतीच फसली, हे ओळखायचं कसं?

कॅमेरा किती लांब आहे ते बघा. भीतीला चेहरा जवळून लागतो, कारण चौकटीबाहेर काय आहे ते दिसू द्यायचं नसतं. धडपडीच्या विनोदाला अख्खा माणूस डोक्यापासून पायापर्यंत लागतो. भूत अंगावर येताना शॉट अचानक रुंद झाला, तर दिग्दर्शकाला तुम्ही हसायला हवे आहात.

दुसरी खूण पार्श्वसंगीत. मुद्दाम केलेल्या विनोदाआधी ते सहसा तुटतं, कारण हशाला शांतता लागते. भीती फसलेली असते तिथे संगीत शेवटपर्यंत आरडाओरडा करत राहतं. शंका असेल तर तोच प्रसंग एकदा आवाज बंद करून बघा, मग डोळे मिटून फक्त ऐका. नुसतं चित्रच हसवत असेल तर बेत विनोदाचाच होता.

प्रश्न : पहिला भाग न बघता थेट दुसरा बघितला तर?

चित्रपटागणिक वेगळं. ‘ईव्हिल डेड २’ सुरुवातीलाच आधीची गोष्ट काटछाट करून नव्याने सांगतो, मित्रमंडळींची गर्दी गाळून फक्त नायक आणि त्याची मैत्रीण ठेवतो. थेट बघा, काही अडत नाही. ‘हॅपी डेथ डे टू यू’चं (२०१९) मात्र उलट. खून झालेल्या दिवशीच पुन्हा पुन्हा जाग येणारी नायिका २०१७च्या पहिल्या भागात भेटते. दुसरा भाग त्या चक्रामागे विद्यार्थ्यांनी केलेलं एक यंत्र आणून ठेवतो. ‘पुन्हा तोच दिवस!’ हा तिचा वैताग पहिला भाग पाहिल्याशिवाय तुमचा होत नाही, आणि सगळी गंमत त्या वैतागातच आहे.

प्रश्न : हा प्रकार अलीकडचाच ना?

छे. जेम्स व्हेल यांनी १९३१च्या ‘फ्रँकेन्स्टाइन’नंतर १९३५मध्ये ‘ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ केला. त्यात डॉ. प्रिटोरियस काचेच्या बरण्यांत वीतभर माणसं पाळतो. त्यातला राजा राणीच्या बरणीकडे जायला आपल्या बरणीतून निसटतो आणि डॉक्टर त्याला चिमट्याने उचलून परत आत टाकतो. शीर्षकातली नवरी मात्र शेवटच्या काही मिनिटांतच दिसते.

प्रश्न : घरी बघताना संवाद ऐकू येत नाहीत, आवाज वाढवला की किंकाळीने घर हादरतं. अंधारातलं सगळं करडं दिसतं. काय करावं?

‘नाइट मोड’ आधी बंद करा. तो हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर दाबतो. दचकणं त्या अंतरावर उभं असतं, त्यामुळे दचकणं गेलं की पाठोपाठचा हशाही जातो. टीव्हीच्याच स्पीकरवर ऐकत असाल तर ऑडिओच्या यादीत ५.१ऐवजी (तो सहा स्पीकरांसाठीचा आवाज) स्टिरिओ निवडून बघा. वेगळे स्पीकर असतील तर फक्त मधला दोन-तीन डेसिबल वाढवा, कारण संवाद मुख्यतः तिथूनच येतात.

करडेपणासाठी, चित्राच्या वर-खाली काळ्या पट्ट्या असतील तर त्यांवर नजर ठेवून ब्राइटनेस उतरवा. पट्ट्या पूर्ण काळ्या झाल्या की थांबा. त्याहून खाली गेलात तर काळ्या कोटाच्या घड्या दिसेनाशा होतील. खोलीतला दिवा टीव्हीच्या मागे ठेवा, समोर नको.

शेवटी ‘मोशन स्मूदिंग’ बंद करा. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा असतो. हे चालू असलं की टीव्ही दोन फ्रेमच्या मध्ये आपल्या पदरच्या फ्रेम घुसवतो, मग भूत रबरी मुखवटा घातलेल्या माणसासारखं दिसतं आणि लोक नको तिथे हसतात.