लिमिट वाढवू नकोस, आधी हाताने बसव

अगं, काल रात्री साडेअकराला पाठवलेला तुझा ग्राफ सकाळी चहा पिताना नीट बघितला. रोबो हाउसिंगच्या बोअरमध्ये, म्हणजे भोकात, पिन घालताना झेडचा, म्हणजे खाली दाबायचा, फोर्स ८० न्यूटनच्या लिमिटला जातो, ट्रिप होऊन रोबो थांबतो, परत ट्रिप, आणि खाली तुझा प्रश्न, "सर, १५० करू का?"

नाही करायचं.

ती पिन तू स्वतः हाताने त्या बोअरमध्ये बसवून बघितलीस का? खरं सांग. २० एमएमला एच७ (बोअरची टॉलरन्स) आणि जी६ (पिनची) म्हणजे फट कमीत कमी ७ मायक्रॉन, जास्तीत जास्त ४१, हाउसिंग धरणारं फिक्स्चर आणि पिन धरणारा ग्रिपर मिळूनच त्याहून जास्त चुकतात, मग नुसत्या पोझिशनवर पिन जाईलच कशी? डोळे मिटून बसव. आपण ढकलत नाही गं, पिन जरा तिरकी टेकवतो, कड शोधतो, मनगट सैल सोडतो, सरळ होते तशी ती स्वतःच उतरते.

हे हाताला कळलं की मग ग्राफवर टॉर्कच्या, म्हणजे पिन तिरकी करणाऱ्या जोराच्या, दोन लाइन बघ, तू झेडलाच चिकटून बसलीयेस. ट्रिपच्या आधी टॉर्क चढतोय, म्हणजे पिन दोन ठिकाणी टेकलीय. नुसती जॅम असेल तर बाजूचा फोर्स कमी केलास की सुटेल, पण तोंडाशीच पाचरीसारखी अडकली असेल तर दाबून उपयोग शून्य, मागेच घ्यावी लागते. आणि सेन्सर झिरो करतेस ना, पार्ट धरलेला असताना, टेकायच्या जस्ट आधी, त्याच पोझमध्ये? नाहीतर ग्रिपरचं वजनच फोर्स म्हणून वाचत बसशील.

अंबडच्या कारखान्यात असताना नाइट शिफ्टला मी लिमिट वाढवली होती. डिस्पॅच डोक्यावर होतं. पिना बसल्या, सगळे खूश, सकाळी एक हाउसिंग उघडलं तर बोअरला आतून उभा ओरखडा, बोट फिरवलं की नखाला लागेल असा. बाकीचा लॉट गेला होता, आणि मी गप्प बसलो. ते अजून टोचतं. पुढच्या लाइनला मी हाताने ट्रायल घेतल्याशिवाय सही करणार नाही म्हणालो, दोन दिवस गेले, सर हट्टी आहेत असं झालं, शेवटी नोकरी सोडली. पण माझं चुकलं नव्हतं. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या ड्रेपर लॅबच्या लोकांनी आरसीसी, म्हणजे पिनला स्वतः सरळ होऊ देणारं रोबोचं लवचिक मनगट, काढलं त्यात एकही सेन्सर नव्हता, पिन टोकाशी कशी सरकते हे आधी समजून घेतलं म्हणून तर जमलं ना! तुझ्याकडे सहा अक्षांचा सेन्सर आहे आणि तू फक्त दाबायचं विचारतेस.

शनिवारी सातपूरला घरी ये. पाच पिना आणि एक रिजेक्ट कास्टिंग आण, तेल लावू नकोस.